देवघरातलं पाऊल

चेन्नईत मैलापूरच्या बसस्टॉपजवळचा तो म्हातारा वीस वर्षं माझ्या चपला शिवतोय. नाव मी कधी विचारलं नाही. दोरा दातांत धरून तो आधी चपलेचा तळ बघतो, मग माणसाचं तोंड.

मी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. आमच्या देवघरात तंजावरहून आलेलं एक लाकडी पाऊल आहे; त्याला रोज कुंकू लावतात. ते कुणा गुरूंचं, आणि तळाची भोकं म्हणजे काट्यांतून चालल्याच्या खुणा, असं घरात सांगतात. फोटो काढायला नेताना वाटेत चपलेचा अंगठा तुटला. पिशवीतलं पाऊल दिसताच म्हाताऱ्यानं ते मागून घेतलं. भोकांवरून बोट फिरवत तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, हा जोडे शिवायचा साचा. चामडं ठोकलं की खिळ्यांची अशी भोकं पडतात. दसऱ्याच्या आयुधपूजेला हत्यारांबरोबर आम्हीही याला कुंकू लावतो."

"आमचे लोक तंजावरच्या दरबारात होते," मी फटकारलं.

"असतील. दरबारालाही जोडे लागायचेच."

मी हात पुढे केला. त्यानं पाऊल हातात दिलं नाही, फुटपाथवर ठेवलं. वीस वर्षं मी त्याचे पैसे ठेवतो तसंच, हाताला हात लागू न देता.