अंदमानच्या सहलीत पोळ्या कोण लाटणार?

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. सरकारी नोकरीत ठरावीक वर्षांनी देशात कुठंही जाऊन यायचं भाडं मिळायचं, आणि आमच्या घरात तो हक्क माझ्या नावावर होता, यांच्या नाही. यांचं नागपुरातल्या महाल भागात कापडाचं दुकान. दोन वेळा तो हक्क मी घरच्यांच्या मनासारखा वापरला. एकदा काशी, एकदा रामेश्वर. दोन्ही वेळा धर्मशाळेत उतरलो आणि दोन्ही वेळा स्टोव्ह, तवा, पोळपाट-लाटणं आमच्याबरोबर रेल्वेनं आलं. काशीची गंगा मी किती पाहिली ते आठवत नाही. खोलीच्या ज्या कोपऱ्यात स्टोव्ह ठेवला होता, तो कोपरा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

तिसरी पाळी आली तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "या वेळी अंदमान. आणि बारा दिवस मी चुलीला हात लावणार नाही. जाणं-येणं, राहणं, खाणं-पिणं सगळं धरून नेणारी कंपनी शोधू. तुम्हाला यायचं नसेल तर मी एकटी जाईन."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "काळ्या पाण्यावर? आपणहून? काहून वं, कोणाचा खून करून आली काय?"

एक्स्चेंजमधल्या बायांनीही हाच विनोद केला, फक्त त्यांना तो नवा वाटला. अंदमानच का, असं जो तो विचारायचा. अहो, तिथं आमचा एकही नातेवाईक नव्हता, ज्याच्याकडे उतरून त्याच्या बायकोला मदत करावी लागेल. नवस फेडायला देऊळ नव्हतं. चारही बाजूंनी समुद्र, आणि नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे काय अप्रूप असतं ते समुद्राकाठच्यांना नाही कळायचं. आम्हाला तलाव माहीत, तोही उन्हाळ्यात अर्धा.

अशा सहली नेणाऱ्या तीन कंपन्या तेव्हा कानावर होत्या. सगळ्या पुण्या-मुंबईच्या, नागपुरात त्यांचे एजंट. हे माझ्याबरोबर आले, पण वाटेत दोनदा म्हणाले, "जास्त प्रश्न विचारू नको."

पहिला एजंट धरमपेठेत, स्वतःच्याच बैठकीत दुकान मांडून बसलेला. त्यानं निळ्या पाण्याची, नारळाच्या झाडांची चित्रं पसरली आणि म्हणाला, "आमच्याकडे जेवण अगदी घरच्यासारखं, ताई."

"घरच्यासारखं म्हणजे? पोळ्या लाटतं कोण?"

"आचारी असतोच. पण आपल्या बाया काही ऐकतात का? मिळूनमिसळून पोळ्या लाटतात, गाणी म्हणतात. फार मजा येते!"

मी उठले. हे चित्रं गोळा करून परत देत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "एवढं तोंड वाकडं करायला काय झालं?" मी म्हटलं, "त्याला विचारा, मजा येते तर पुरुष का नाही लाटत?" यांनी सायकल रिक्षा थांबवली.

दुसरी कंपनी सगळं धरून म्हणायची, पण खोदून विचारल्यावर सकाळचा चहा-नाश्ता तेवढा त्यांचा निघाला. एजंट मोठा समजूतदार. म्हणाला, "छोटा स्टोव्ह राहू द्या बरोबर. बहुतेक फॅमिल्या ठेवतात." पळसाला पानं तीनच, म्हणतात ना, तसं झालं.

तिसरा एजंट सीताबर्डीला, एका घड्याळाच्या दुकानाच्या वर. त्याची कंपनी सगळ्यांत महाग होती. तिचे दोन महाराज, म्हणजे आचारी, बरोबर यायचे. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. तो हसला. मी म्हटलं, "हसू नका, लिहून द्या." त्यानं पावतीच्या मागं लिहिलं, की महिला प्रवाशांना स्वयंपाकाचं कोणतंही काम सांगितलं जाणार नाही. खाली सही केली, वर शिक्काही मारला. हे छताकडच्या पंख्याकडे पाहत होते. पाहू देत. जास्तीचे पैसे माझ्या पगारातले होते.

निघायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "माहं नाव टाकलं काय? काळं पाणी त काळं पाणी. मी मागं राहून करू काय?" टाकलं त्यांचंही नाव.

मद्रासहून जहाज. तीन दिवस सासूबाई खाटेला खिळून देवाचं नाव घेत होत्या आणि मी वर डेकवर उभी राहून वारा खात होते. मला काही झालं नाही. इतकं पाणी पाहून मला रडू आलं होतं, हे मी यांना सांगितलं नाही. पोर्ट ब्लेअरला एका गेस्ट हाऊसमध्ये उतरलो. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की समुद्र. पहिले दोन दिवस मी जेवायच्या वेळेला जायची, ताटावर बसायची, खायची आणि उठायची. ताट उचलायचंसुद्धा नाही! घरात सोळा वर्षं रांधा, वाढा, उष्टी काढा केलेल्या बाईला विचारा त्यातलं सुख.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक महाराज तापानं फणफणला. चारच्या सुमाराला कंपनीचा मॅनेजर हात जोडत व्हरांड्यात आला. "माता-भगिनींनो, आज जरा सांभाळून घ्या. पुऱ्यांपुरता हात लावा. एका आचाऱ्याला इतक्या माणसांचं नाही झेपत."

बाया लगेच पदर खोचायला लागल्या. मी खुर्चीतून हलले नाही.

"ताई, तुम्ही?"

मी पर्समधून पावती काढली आणि मागची बाजू दाखवली.

"अहो, कागद दाखवायची वेळ आहे का ही?"

"हीच तर वेळ आहे," मी म्हटलं. "तुम्ही आहात, तुमचे दोन मदतनीस आहेत, आणि हे वीसेक पुरुष पत्ते खेळत बसलेत. त्यांना सांगा."

पत्ते थांबले. कोणीतरी खोकलं. एक बाई दुसरीला म्हणाली, "मोठी आली साहेबीण." हे माझ्याजवळ वाकले. "जाऊ दे ना. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"एकच दिवस असतो दरवेळी," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच लागला.

आणि तेवढ्यात सासूबाई उठल्या. सत्तरीची बाई, जहाजातून उतरून जेमतेम दोन दिवस झालेले. माझ्याकडे न पाहता आत गेल्या. आमच्या घराची लाज राखायला गेल्या, हे सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.

मी बसून राहिले. माझा हट्ट, आणि पोळपाटापाशी बसली म्हातारी. हेच होतं नेहमी. एकीनं नाही म्हटलं की काम दुसरीच्या गळ्यात पडतं, आणि पुरुषांचे पत्ते तसेच चालू राहतात. पाच मिनिटं मी कशीबशी काढली. मग उठून आत गेले.

सासूबाई जमिनीवर बसून लाटत होत्या. घामानं कपाळ निथळत होतं. मला पाहून बाया सरकल्या, जागा करून दिली. त्यांना वाटलं, आली ताळ्यावर. मी सासूबाईंच्या हातातलं लाटणं घेतलं, दारात उभ्या असलेल्या यांच्या हातात दिलं आणि सासूबाईंना म्हटलं, "उठा, आई. समुद्रावर चला."

"सोड वं. लोक पाहून राहिले."

"पाहू देत."

"तिकडे बसून काय करू मी? मले दुसरं येते काय?"

रागानं नव्हत्या म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. मी त्यांचा पिठाचा हात धरला आणि त्यांना ओढतच बाहेर नेलं.

फाटकाबाहेर एका खडकावर आम्ही बसलो. बराच वेळ त्यांचं लक्ष मागंच. "तेल तापलं असन. कोणी पाहून राहिलं का नाही?" पाणी यायचं, पायांवर चढायचं, परत जायचं. पहिल्यांदा त्यांनी पाय वर घेतले. मग नाही घेतले. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी बसून राहिल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "आज भाजी कायची हाय?"

"मला नाही माहीत."

"मलेही नाही माहीत." पुन्हा म्हणाल्या, "मलेही नाही माहीत वं." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मीही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, तर त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

ऊन उतरलं तसे हे आम्हाला बोलवायला आले. शर्टाला पीठ लागलेलं, तोंड उतरलेलं. "आई, चल. पानं वाढली आहेत."

मला वाटलं, आता या उठतील. मुलानं बोलावलं आणि त्या उठल्या नाहीत, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी मान वळवली नाही. "इथंच आण," म्हणाल्या. "दोघींचं आण."

हे क्षणभर उभे राहिले. मग गेले आणि दोन ताटं सांभाळत, वाळूत पाय रुतवत परत आले. पुऱ्या वाकड्यातिकड्या, एखादी मधे कच्ची. सासूबाईंनी ताट मांडीवर घेतलं, एक घास खाल्ला आणि ताटाच्या डाव्या बाजूला बोटानं चाचपून पाहिलं.

"मीठ नाही वाढलं गा. जा, घेऊन ये."

आणि हे गेले.