हद्दीवरचे रस्ते

"मॅडम, तुमच्या घरचा कचरा कोण उचलतं? सिटी की काउंटी?"

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस. पार्टिशनपलीकडून हे ऐकलं आणि वाटलं, आपण फोन कंपनीत आलोय की नगरपालिकेत? वाकून पाहिलं तर स्वेटर घातलेले एक मराठी काका. कानाला फोन, समोर नकाशा, हातात लाल पेन्सिल.

तुम्हीही ऑफिसात असा माणूस पाहिला असेल, ज्याचं काम नक्की काय हे कुणालाच माहीत नसतं. काका लायसन्सचं बघत. कंपनीला ज्या गावात धंदा करायचा, त्या गावाचं बिझनेस लायसन्स लागायचं, आणि त्याची फी तिथल्या ग्राहकांच्या बिलांवर ठरायची. म्हणून कुठलं घर कुठल्या गावात, हे नेमकं कळायला हवं. पण पत्त्यावर एक गाव असायचं आणि घर हद्दीपलीकडे, दुसऱ्याच गावात. शंका आली की काका सरळ त्या घरी फोन लावत. "पत्ता पोस्टाचा असतो गं," ते म्हणत. "कचरा मात्र ज्याचं त्याचं गाव उचलतं."

मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना अडखळायची, म्हणून गप्पच असायची. काका डब्यातली अर्धी पोळीभाजी माझ्याकडे सरकवत. "खा. आणि बोल काहीतरी. तोंड उघडायला लायसन्स लागत नाही."

पुढे हे काम कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. प्रोग्रॅम माझ्याकडे आला. हद्दीवरच्या रस्त्यांची यादी काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली. "एवढे रस्ते पोस्टाच्या झिपकोडवर सोडू नकोस." डेडलाइन आली आणि शेवटची दोन पानं घालायची राहिली. "सगळे घातलेस ना?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी तपासणीच्या फॉर्मवर सही केली.

काही महिन्यांनी एका गावाचं पत्र आलं. त्यांच्या एका रस्त्यावरची सगळी घरं आम्ही शेजारच्या गावात दाखवली होती. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, हे कुणी तपासलं? काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझा व्हिसा त्याच नोकरीवर होता. मी टेबलाकडे पाहत राहिले.

"सही माझी आहे," काका म्हणाले.

त्या वर्षी सगळीकडेच ले-ऑफ चालू होते. काकांचं नाव पहिल्याच यादीत आलं. त्यांनी नकाशे गुंडाळले, डबा घेतला आणि मला म्हणाले, "जेवत जा वेळेवर."

नंतर मी त्यांना कधी फोन केला नाही. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हाही नाही. काका वारल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. डायनिंग टेबलाशेजारच्या भिंतीवर पत्र आलेल्या त्या गावाचा नकाशा अजून होता.

"इथेच उभे राहायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, 'तो रस्ता मी यादीत लिहिला होता की विसरलो? आता डोकं चालत नाही माझं.' यादी तर जवळ नव्हती. हॉस्पिटलमध्येही तेच विचारत होते."

मी पर्समधून दोन पानं काढली. घड्या पडून मऊ झालेली. त्या रस्त्याच्या नावावर बोट ठेवलं.

"काकांनी लिहिला होता, काकू. मी घातला नाही."