दुहेरीतली ललिता

ललिता गेल्याचा फोन तिच्या मुलीने, पद्माने केला, तेव्हा मी टीव्हीवर महिला दुहेरीचा सामनाच बघत होते. फोन ठेवल्यावरही बघत राहिले, पण कोण जिंकलं ते विचाराल तर सांगता येणार नाही... आता महिना झाला. रडू ओसरलंय आणि तिची आठवण आली की हसूच जास्त येतं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात व्यावसायिक खेळाडूंची टेनिस स्पर्धा भरली. महिला दुहेरीत एक जोडी कमी पडली, म्हणून आम्हा दोघींना बोलावणं आलं. ललिता विणकरांच्या घरातली, चपळ, नेटजवळ कुणाला न बधणारी. मी कापडदुकानदाराची मुलगी, बॅकहँड यथातथाच. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आधीच बजावलं होतं, "एक सामना बघतो. जमत नसंल तर खेळ बंद." ते कोर्टाला लागूनच खुर्ची टाकून बसले. टेनिसमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ललिताने ते बरोबर हेरलं. मी चेंडू घालवला की ती अप्पांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणायची, "चुकलं गं माझं." मुंबईच्या जोडीने आम्हाला तासाभरात घरी पाठवलं.

वाटेत अप्पा म्हणाले, "तू बरी खेळतीस की. ती दुसरीच लई चुकती. खेळ तू, पण जोडीदार बदल."

ललिताला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "मग बदल की. तुझं खेळणं तर वाचलं."

मला मात्र हसू येईना. खरं सांगावं तर टेनिस जाणार, गप्प बसावं तर ललिता. शेवटी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. अप्पांनी हातातल्या साडीची सावकाश घडी घातली. "इतकी वर्षं धंदा करतो, दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा भागीदार मला मिळाला न्हाई. तिला सोडू नको," म्हणाले. पुढे आम्ही सहा वर्षं जोडीने खेळलो आणि बहुतेक वेळा हरलो.

परवा पद्माकडे गेले होते. तिने आईची एक वही दाखवली, त्यात त्या सामन्याच्या बातमीचं कात्रण होतं. "मावशी, आई सांगायची, सगळे चेंडू तिनंच घालवले होते. तरी तुमी वडिलांशी भांडून तिलाच जोडीला ठेवलं." लेकीलाही हेच सांगून ठेवलं होतं बाईने... घरी आले ती थेट हे लिहायला बसले. वहीत कात्रणासमोरचं पान कोरं आहे. पद्मा, हा लेख तिथं चिकटव. तुझी आई आयुष्यभर धादांत खोटं बोलली.