स्लॅबचा दिवस

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला चालत गेलेल्या आमच्या वाडीतल्या माणसांच्या आठवणीसाठी बांधलेल्या सभागृहाला सध्या नवा जिना होतोय. काल ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला याच सभागृहाच्या स्लॅबचा दिवस आठवला.

त्या दुपारी मिक्सर मध्येच बंद पडला. काम अर्धवट राहिलं तर सांध्यातून छत कायम गळणार, म्हणून मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पहिल्या पाळीची बस आली. वाडीतल्या कामगारांनी डबे बाजूला ठेवले आणि फावड्यांनी माल कालवायला घेतला. आम्ही बायका शिडीपर्यंत रांगेत उभ्या राहिलो.

मी नुकतीच बी.ए. झाले होते, वाडीतली पहिलीच. शेजारच्या काकू ओरडल्या, "तिला नको गो देऊस, ग्रॅज्युएट हाय ती!"

"घमेल्यानं डिग्री झिजत नाय!" म्हणत आईने भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. सगळी रांग हसली. मी लाजले, पण घमेलं पुढे दिलं.

अंधारायच्या आत स्लॅब पुरा झाला.

आता त्या छताखाली मी मुलांचा अभ्यासवर्ग घेते. दर पावसाळ्यात आई मुद्दाम येते, वर बघते आणि मुलांना सांगते, "बघा, गळत नाय. स्लॅब तुमच्या बाईंनी घातलाय!"