अर्ध्या मैदानाचा संघ

दसऱ्याच्या सुमाराला आमच्या कॉलेजात दोन गोष्टी एकदमच येतात, बास्केटबॉलचा हंगाम आणि सोयाबीन. दोन्हींना सिमेंटची सपाट जागा लागते, आणि कर्नाटकातल्या औराद तालुक्याच्या या टोकाला अशी मोठी जागा एकच आहे, आमचं कोर्ट. ते झालं तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं की इथून देशासाठी खेळाडू तयार होतील. त्याच वर्षी तिथे त्यांचं सोयाबीन वाळत पडलं. भाषणात आणि सोयाबीनमध्ये कुणाला काही विसंगत वाटलं नाही.

मी इथली ग्रंथपाल. ग्रंथालय वरच्या मजल्यावर आहे आणि त्याची मोठी खिडकी कोर्टाकडे उघडते. हंगामाच्या सुरुवातीला सूचनाफलकावर ‘यंदाचा संघ’ या मथळ्याखाली चार ओळी लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. मला खेळातलं कळतं म्हणून नव्हे, माझं अक्षर बरं आहे म्हणून. दरवर्षी मी लिहिते की संघ तरुण आणि उत्साही आहे. दरवर्षी तेवढंच खरं असतं.

गेल्या वर्षी मात्र लिहिण्यासारखं काही होतं. चिंताकी गावचा एक पोरगा शेवटच्या वर्षाला होता. ग्रंथालयाच्या दारातून तो वाकून आत यायचा आणि मला शिडीवाचून वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढून द्यायचा. उंच पोरं आमच्याकडे आधीही होती, पण हा उडायचा. धावत यायचा, पाय सुटायचे आणि क्षणभर असं वाटायचं की खाली यायचं तो विसरलाय. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे सर कलबुर्गीहून येऊन त्याला बघणार होते. निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येणार होता. नाही झाली तर चिंताकी होतीच. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं आणि त्यालाही. त्यामुळे तो अलीकडे पुस्तक हातात घेऊन खिडकीतून कोर्टाकडेच बघत बसायचा.

कोर्टावर तेव्हा सोयाबीन येऊन पडलं होतं. इमारतीकडच्या अर्ध्या भागावर दुपारनंतर सावली येते, म्हणून तो भाग संघाला. पलीकडच्या अर्ध्यावर दिवसभर ऊन, म्हणून तो अध्यक्षांना. ही वाटणी कुणी केली नव्हती, उन्हानंच केली होती, त्यामुळे तक्रार करायची तर उन्हाकडेच करावी लागली असती. क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे आमच्या पीटी सरांनी, त्यातूनही मार्ग काढला.

“मॅडम, आता जगात सगळीकडं अर्ध्या कोर्टावरच खेळायलेत,” ते मला म्हणाले. “तिघं हिकडं, तिघं तिकडं. लेटेस्ट हाय.”

“आणि सामन्यात?”

“सामन्याचं सामन्यात बघू.”

पहिल्या आठवड्यातच बिदरकडचा एक पोरगा, संघातला सगळ्यात चपळ, सुटलेल्या चेंडूमागे मधली रेघ ओलांडून गेला. सोयाबीनचा दाणा गोल, टणक आणि गुळगुळीत असतो. खाली सिमेंट आणि वर बूट असला की तो कुणाची गय करत नाही. मी खिडकीत होते. मला आधी त्याचे पाय वर दिसले, मग आवाज आला. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्याच्या धडाडीबद्दल शाल घालून त्याचा सत्कार केला. प्लास्टर घातलेल्या हातावरून शाल सारखी घसरत होती.

व्यासपीठावरून खाली उतरल्यावर तो मला हळूच म्हणाला, “नीचे दानेच दाने, ऊप्पर अप्पा, बीच में हमना मरना, अक्का.”

अध्यक्षांना सगळा गाव अप्पा म्हणतो. मी त्यांना भेटायला गेले. माणूस वाईट नाही. खुर्चीतून उठून नमस्कार करतात आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

“अप्पा, निवड होईपर्यंत तरी कोर्ट मोकळं करता आलं तर बरं. त्या चिंताकीच्या पोराचा गुडघा गेला तर त्याचं सगळंच गेलं.”

“मॅडम, आभाळ बघितलात का?” ते म्हणाले. “कधी येईल नेम न्हाई. दाणा वल्ला राहिला तर अडत्यापाशी काय इज्जत राहती? आन् एकट्या माझंच हाय का तिथं? त्या पोराच्या बापाचं पण हाय. कोपऱ्यात जागा दिलो मी त्याला. पोरगा आपल्या संघात हाय म्हणून मान दिलो.”

हे मला ठाऊक नव्हतं. वर येऊन खिडकीतून बघितलं तर खरंच, पलीकडच्या रिंगखालीच चिंताकीचं सोयाबीन पसरलेलं होतं आणि एक उंच, वाकलेला माणूस उकिडवा बसून त्यातला काडीकचरा वेचत होता. आता पोरगा बोलणार तरी काय? मानच असा मिळाला होता की तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

वाळत घातलेलं सोयाबीन दिवसातून अनेकदा वर-खाली करावं लागतं. अनवाणी पायांनी, पाऊल न उचलता, घसटत चालायचं. पायामागे वळ्या पडत जातात आणि खालचा दाणा वर येतो. बाप दुपारी गावाकडे गेला की हे काम पोरगा करायचा. जाण्याआधी बाप त्याला रोज तेच सांगायचा, आणि ते वरपर्यंत ऐकू यायचं.

“पाय उचलू नको बरं. उचलून टाकलास की दाण्याची डाळ व्हती. मग अडत्या नाक मुरडतो.”

“व्हय, बाबा.”

पीटी सरांना त्यात व्यायाम दिसला. या चालीनं पिंडऱ्या घट्ट होतात, असं म्हणून त्यांनी सगळ्या संघालाच तिथे उतरवलं. रोज सरावाआधी सगळे खेळाडू एका ओळीत, हात मागे बांधून, अध्यक्षांच्या सोयाबीनमधून पाय ओढत जायचे, वळायचे, परत यायचे. वरून बघताना मला ते कुठल्यातरी तुरुंगातल्या कैद्यांसारखे वाटायचे. मग रेघ ओलांडून इकडे आले, बूट घातले की लगेच पोरं व्हायचे आणि उड्या मारायचे. फलकावर मी लिहिलं की संघ तरुण, उत्साही आणि यंदा उंचही आहे. त्याहून जास्त लिहायला हात होईना.

मला शकुन-अपशकुन कळत नाहीत आणि कळून घ्यायचेही नाहीत. पण त्या दिवसांत मी हातातलं काम टाकून सारखी खिडकीत जाऊन उभी राहायचे. रोज दुपारी महाराष्ट्राच्या बाजूनं आभाळ काळं होत यायचं, डोक्यावर येऊन थांबायचं आणि न पडता निघून जायचं. चेंडू रेघेपलीकडे गेला की सगळी पोरं जागच्या जागी थिजायची आणि कुणीतरी बूट काढून, पाय ओढत जाऊन तो आणायचं. मनगट मोडलेला पोरगा कठड्यावर बसून हे बघायचा आणि हसायचा नाही.

सामन्याचा दिवस ठरला. शेजारच्या तालुक्यातला संघ येणार होता, मैत्रीचा सामना, आणि तो बघायला निवडीचे सर. आदल्या दिवशी सोयाबीनचा कोर्टाबाहेर, पलीकडच्या रिंगमागे ढीग करून वर ताडपत्री टाकली आणि कोर्ट झाडून घेतलं. मी स्वतः खाली जाऊन बघितलं. वरून स्वच्छ दिसत होतं, पण काँक्रीटच्या फटींतून दाणे तसेच होते. मी केरसुणीच्या काडीनं उकरून काढू लागले. तेवढ्यात मंडपवाले आले आणि म्हणाले, “मॅडम, जरा सरका.”

मंडप मोठा होता. केळीचे खुंट लावलेली कमान, दोन मोठे भोंगे, आणि एक फलक, ज्यावर अध्यक्षांचा चेहरा दरवाजाएवढा आणि सगळा संघ खाली एका ओळीत, गव्हाच्या लोंबीएवढा. संघाला फेटे बांधले होते. चिंताकीच्या पोराला फेटा बांधायला बांधणाऱ्याला खुर्चीवर उभं राहावं लागलं. दृष्ट लागू नये म्हणून कोर्टाच्या मधोमध कोहळा फोडायचा घाट होता. मी तेवढ्यापुरती पुढे झाले आणि तो फाटकाबाहेर फोडायला लावला. त्या दिवशीचा माझा एवढाच विजय.

पहिल्या भागात आमचा संघ इमारतीकडच्या रिंगमध्ये चेंडू टाकत होता, म्हणजे ओळखीच्या अर्ध्यात. पलीकडच्या अर्ध्यात बचावाला पोरं जरा जपून जात होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि काय खेळले! चिंताकीचा पोरगा दोघांच्या डोक्यावरून उडाला, चेंडू रिंगमध्ये टाकून, जाळीला हात लावून खाली आला. निवडीचे सर कन्नडमध्ये शेजारच्याला काहीतरी म्हणाले आणि खुर्चीत पुढे सरकून बसले. गर्दीत त्याचा बाप उभा होता. कुणीतरी त्याला डिवचलं, “काय हो, पोरगं काय खाऊन वाढलंय?” तो म्हणाला, “सोयाबीन सोडून सगळं.” लोक हसले. मलाही हसू आलं, पण माझी नजर फटींवर होती.

मध्यंतरात पाहुण्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला. अध्यक्ष माइकवरून म्हणाले की या पोराच्या रूपानं आपल्या मातीचं नाव दिल्लीपर्यंत जाणार. आभाळ तोवर डोक्यावर येऊन थांबलं होतं.

मग बाजू बदलल्या. आता पलीकडच्या रिंगवर खेळायचं होतं.

चेंडू आमच्याकडे होता. चिंताकीचा पोरगा तो घेऊन सुटला. मी आता वर ग्रंथालयात जाऊन खिडकीचा गज धरून उभी होते आणि मला फक्त त्याचा गुडघा दिसत होता. एक दाणा, फटीतून निघालेला एकच दाणा, एवढंच डोक्यात होतं. तो रेघेपाशी आला, रेघ ओलांडली.

तो घसरला नाही.

रेघ ओलांडल्याबरोबर त्याचे पाय जमिनीला चिकटले. बूट घातलेले पाय तो घसटत नेऊ लागला, एक पुढे, मग दुसरा, सोयाबीनमध्ये चालतात तसा. समोर रिंग मोकळी होती. त्यानं उभ्या उभ्या चेंडू फेकला, तो खालीच पडला. मागून आलेली आमची सगळी पोरं तशीच पाय ओढत होती. स्वच्छ झाडलेल्या कोर्टावर, हजार डोळ्यांसमोर, आमचा अख्खा संघ नसलेलं सोयाबीन वर-खाली करत होता.

पीटी सर बाजूनं ओरडत होते, “अरे उड! उड की रे! काय करायलास?” तो मान हलवायचा, मागे जायचा, चेंडू घेऊन यायचा, आणि रेघेवर पुन्हा तेच. एकदा त्यानं खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे बघितलं. तसा चेहरा मी कुणाचा बघितलेला नाही. समोरच्या संघाच्या आधी लक्षात आलं नाही, मग आलं. नंतर ते आमच्या पोरांना रेघेपलीकडे अडवायचेही नाहीत.

निवडीचे सर शेवटपर्यंत थांबले नाहीत. सत्कारात बांधलेला फेटा काढून हातात घेत ते पीटी सरांना म्हणाले, “उंची आहे, हात चांगला आहे. पण पाय उचलत नाही. अर्ध्या कोर्टाचा खेळाडू घेऊन मी काय करू?” पीटी सर काहीतरी सांगू लागले, सोयाबीन, ऊन, अप्पा. सरांनी ते अर्धं ऐकलं आणि ते जीपमध्ये बसले.

मी तोवर खाली आले होते. पोराचा बाप त्या दोघांच्या मागेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“मीच सांगितलतो त्याला,” तो मला म्हणाला. “रोज सांगितलतो.”

जीप फाटकाबाहेर पडली आणि वारा सुटला. आधी मंडपाची कनात फडफडली, मग अध्यक्षांच्या चेहऱ्याचा फलक कमानीवरून निसटून लोंबायला लागला. लोक खुर्च्या सोडून पळाले. ढिगावरच्या ताडपत्रीचे दगड घरंगळले, ती फुगली आणि उचलली गेली. खाली सगळ्यांचं सोयाबीन उघडं पडलं, अप्पांचं, चिंताकीचं, आणि पावसाचे पहिले जाड थेंब सिमेंटवर उमटले.

चिंताकीचा पोरगा इकडच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसला होता. तो उठला आणि धावला. मधली रेघ ओलांडली, रिंगपुढची अर्धगोल रेघही ओलांडली. पलीकडच्या रिंगच्याही वर ताडपत्रीचा कोपरा फडकत होता. तो उडाला, दोन्ही हात वर, आणि तो कोपरा धरून खाली आला. मनगट मोडलेल्या पोरानं एका हातानं दुसरा कोपरा दाबला. मग सगळे धावले.

मी फाटकाकडे बघितलं. जीप केव्हाच वळणापलीकडे गेली होती.

ढिगावर ताडपत्री अंथरून बाप-लेक दोन बाजूंनी दगड ठेवत होते. पाऊस वाढत होता. बापानं खाली बघतच विचारलं, “मघाशी कामून न्हाई उडलास रे?”

“मघाशी पायाखाली दाणे हायेत असंच वाटायलं, बाबा.”

“आन् आता?”

पोरानं एक मोठा दगड उचलून कोपऱ्यावर ठेवला आणि पायानं दाबून बघितला. “आता दाणे भिजायलेते,” तो म्हणाला.