असिलकान रडावी म्हणून

माझी बायको असिलकान नारिन शहरात रुग्णवाहिकेवर नर्स आहे. घर वेगळं, काम वेगळं, हा तिचा एकतीस वर्षांचा खाक्या. मार्चमध्ये घाटात बर्फाचा कडा कोसळला आणि आमचा लेक तोलोगोन त्याखाली गेला. त्याला काढायला गेलेल्या गाडीवर तीच होती. तिनंच नाडी पाहिली, तिनंच कागदावर वेळ लिहिली. घरी येऊन त्याच्या वाटणीचं जेवण वाढून ठेवलं. तेव्हापासून रोज वाढते. कामावर कोणी विचारलं तर ‘मुलगा वारला’ म्हणते. उंबरठा ओलांडला की तो जिवंत. डोळ्यांत टिपूस नाही. दिवसेंदिवस नुसती वाळत चालली आहे. ती एकदा रडावी, एवढंच मला हवं होतं.

डॉक्टरच्या गोळ्या ती चुलीत टाकते. म्हणून सायराकान आजीकडे नेलं. दचकून उडालेला जीव आजी जागेवर आणते. आर्चाच्या, त्या डोंगरी सुवासिक झाडाच्या, पाल्याची धुरी दिली, डोक्यावर चादर धरली, वर थंड पाण्याचं भांडं, आणि त्यात वितळलेलं शिसं ओतलं. असे तीन बुधवार. तिसऱ्या खेपेचा थिजलेल्या शिशाचा गोळा आजीनं उलटसुलट करून पाहिला.

“काय रे, मयताच्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून शोक गातात, त्यात ही बसली होती ना?”

“नाही, आजी. मीच बसू दिलं नाही. म्हटलं, हिचं काळीज फुटेल.”

“गाढवा! फुटायलाच तर बसवतात. आता माझं शिसं काय कपाळ करणार?”

असिलकान शेजारीच घड्याळ बघत होती. “आजी, आटपा. मला ड्यूटीवर जायचंय.”

घरी आलो आणि मी काठी उचलली. मयताच्या तंबूबाहेर पुरुष काठीवर वाकून रडतात तसा भर दुपारी स्वतःच्या दारात ओरडलो, “माझ्या लेकरा रे!” शेजारी गोळा झाले. होऊ देत. मला फक्त आतून तिचा हंबरडा ऐकायचा होता.

ती आली ती बॅग घेऊन. माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

“म्हाताऱ्या, हा काय तमाशा? कोण वारलं?”

“आपला तोलोगोन.”

“माहितीये मला. हात हलवू नकोस.” तिनं आकडा पाहिला, मान डोलावली. मग मागे दाराकडे बघितलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “आणि हळू बोल. आत्ताच झोपलाय तो.”

मी आवाज खाली आणला.