मूकपटातली हाक

"डोळं पडद्याकडं, कान माज्याकडं! पुढं काय हुतंय ते एक देवाला ठावं, आन एक मला!"

वेताची काठी जमिनीवर आपटून मास्तर असं म्हणाले, की सोलापुरातल्या आमच्या थिएटरातला गलका एकदम थांबायचा. तुम्ही बोलपट पाहणारी माणसं, तुम्हाला हे खरं वाटायचं नाही. पण तेव्हा पडदा मुका होता. मी खाली बसून पेटी वाजवायचो आणि मास्तर पडद्याशेजारी उभे राहून राजापासून घोड्यापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलायचे. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

एकदा पडद्यावरचा गोरा साहेब घास तोंडात घालून खोकला. मास्तर लगेच ओरडले, "आगं आगं, शेंगाचटणी लई तिखट हाय की!" खेळाला आलेली गिरणीतली माणसं हसून लोळायची बाकी राहिली.

एवढा बोलका माणूस, पण घरी त्याची वाचा बसली होती. पहिली बायको तापाने गेली. मागे सात वर्षांची मुलगी. वर्षाने त्यांनी दुसरं लग्न केलं. ही नवी बाईही तशी पोरसवदाच. मुलगी तिच्याशी भांडायची नाही की रडायची नाही. फक्त तिला कुठलीच हाक मारायची नाही. भूक लागली तर चुलीपुढे जाऊन नुसती उभी राहायची. मला तर वाटतं, त्यापेक्षा तिने आकांत केलेला परवडला असता.

अशात एक विलायती चित्रपट आला. आई वारलेली मुलगी सावत्र आईच्या घरी येते, अशी गोष्ट. पहिल्याच खेळाला मास्तरांनी बायकोला आणि मुलीला आणून अगदी पुढे बसवलं. असलं काही त्या पोरीला दाखवायचं असतं का?

पडद्यावरची बाई काहीतरी बोलली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मागोमाग इंग्रजी पाटी आली. मला मोडकंतोडकं इंग्रजी वाचता यायचं. पाटीवर होतं, 'मला आई म्हणायचं नाही.'

मास्तर म्हणाले, "बाई म्हनती, बाळ, मला आई म्हन की गं. तिला रडू आलंय, म्हनून तोंड फिरवलंय."

पेटीवरचा माझा हात थांबला. पडद्यावरच्या मुलीचे ओठ जरासे हलले. मास्तरांनी बारीक आवाज काढला, "आई!" अंधारात बायका मुसमुसू लागल्या. मास्तर मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते. ते पुढे बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मास्तर, पाटीवर तर उलटंच होतं."

ते बराच वेळ खोकले. रुमाल खिशात घालताना त्यांनी तो घाईने दुमडला, तरी त्यावरचं रक्त मला दिसलं.

"व्हय," ते म्हणाले. "माज्यामागं या दोघीच हायत एकमेकीस्नी. पडद्यावर तरी म्हनू दे."

चित्रपट होता तोवर प्रत्येक खेळाला ते तसंच सांगत राहिले. रोज मी विचारायचो, "म्हणाली का?" ते नकाराची मान हलवायचे. मग हसून म्हणायचे, "म्हनंल. पुढं काय हुतंय ते देवाला ठावं." 'आन एक मला' हे पुढचे शब्द ते आता गाळायला लागले होते.

बोलपट यायच्या आधीच मास्तर गेले.

मसणवट्यातून आम्ही त्यांच्या घरी परतलो. शेजारणींनी कडू घासाची पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. नवी बाई भिंतीला टेकून बसली होती. सगळ्या बायकांनी विनवून पाहिलं, पण ती अन्नाला हात लावेना.

तेवढ्यात मुलगी उठली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्या बाईच्या तोंडाशी नेला.

"आई, खा की गं."

माझी मान आपोआप वळली. इतकी वर्षं आवाज आला की पडद्याशेजारी मास्तरांकडे बघायची सवय. इथे दाराआड फक्त ती वेताची काठी टेकवलेली होती.